शुद्ध पदार्थ की मिश्रण? ओळखायची पद्धत, पायरीपायरीने

आठवी-नववीचे पेपर तपासताना एक चूक दरवर्षी माझ्यासमोर येते. 'खालीलपैकी शुद्ध पदार्थ कोणते?' या प्रश्नात दूध आणि तूप यांवर बरोबरची खूण असते, आणि मोरचूद (कॉपर सल्फेटचे निळे स्फटिक), बर्फ घातलेलं पाणी यांवर फुली. वरच्याच प्रश्नात व्याख्या मात्र शब्द न चुकता लिहिलेली असते. म्हणजे पाठांतर झालेलं आहे. समोर वाटी ठेवली की ती व्याख्या लावायची कशी, तिथे मुलं अडतात. हा लेख त्या अडलेल्या जागेसाठी आहे. यातले बरेच टप्पे घरी होतात, काही शाळेच्या प्रयोगशाळेतच करायचे आहेत. कोणता टप्पा कुठे, ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे.

एक गोष्ट आत्ताच पक्की करा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मिश्रण ठरवायला एक भक्कम पुरावा पुरतो. शुद्ध ठरवायला मात्र एका चाचणीने भागत नाही. एका चाचणीत काही सापडलं नाही, तर 'अजून काही सापडलं नाही' एवढंच लिहायचं आणि पुढच्या टप्प्याला जायचं.

## तयारी

लागणारं साहित्य असं: प्रयोगशाळेचा थर्मामीटर (उणे १० ते ११० अंश), ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा, भिंग, गाळणकागद, चुंबक, दोन काचेचे ग्लास, स्टीलची स्वच्छ ताटली, काळा स्केचपेन, पेन्सिल. बॅटरी-इन्व्हर्टरच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटरची बाटली मिळते, तीही आणून ठेवा. बाटलीबंद पिण्याचं पाणी त्याच्या जागी चालत नाही, कारण त्यात क्षार असतात. तुरटी, नवसागर (अमोनियम क्लोराइड), मोरचूद आपल्याकडे नागपुरात इतवारी बाजारात सहज मिळतात. मोरचूद विषारी आहे. ते स्वयंपाकघरात आणू नका आणि खाण्याच्या भांड्यात ठेवू नका.

इशारा: ताप मोजायचा थर्मामीटर या कामाला कधीही वापरू नका. त्याची पट्टी ३५ ते ४२ अंशांपुरती असते. उकळत्या पाण्यात तो फुटतो, आणि जुन्या बनावटीचा असेल तर आतला पारा बाहेर सांडतो. दरवर्षी एखादं तरी पोर तो दप्तरातून घेऊन येतं, म्हणून सुरुवातीलाच सांगतो.

वहीचं पान आधी आखून घ्या. उभी रेघ मारून दोन रकाने करा: डावीकडे 'काय दिसलं', उजवीकडे 'काय ठरलं'. मुलं 'शुद्ध आहे' हे डाव्या रकान्यात लिहितात, तिथेच घोळ सुरू होतो. डावीकडे फक्त डोळ्यांना, काट्याला किंवा थर्मामीटरला जे दिसलं तेच लिहायचं.

थर्मामीटरही तपासून घ्या. डिस्टिल्ड वॉटरचा बर्फ करा, ठेचा, थोडं पाणी सुटू द्या आणि थर्मामीटरचा फुगा त्यात पूर्ण बुडवा. तीन-चार मिनिटांनी शून्य दाखवायला हवं. अर्धा अंश वर किंवा खाली दाखवत असेल तर तो फरक पानाच्या वरच लिहून ठेवा आणि पुढच्या प्रत्येक नोंदीत धरा.

## टप्पा १: 'शुद्ध' या शब्दाचा दुकानातला अर्थ बाजूला ठेवा

आपल्या घरात 'शुद्ध तूप', 'शुद्ध मध', 'शुद्ध दूध' म्हणतात तेव्हा अर्थ असतो भेसळ नसलेलं. रसायनशास्त्रात शुद्ध म्हणजे एकाच प्रकारचा पदार्थ, ठरलेल्या घडणीचा. हे दोन अर्थ एकमेकांत मिसळले की उत्तर चुकलंच. गोठ्यातून आत्ता काढलेलं, थेंबभर पाणी न घातलेलं दूधही रसायनशास्त्रात मिश्रणच आहे, कारण त्यात पाणी, स्निग्ध पदार्थ, प्रथिनं, दुग्धशर्करा आणि क्षार एकत्र आहेत.

पदार्थ हातात आला की दोन प्रश्न विचारा. यात एकच पदार्थ आहे की अनेक? घटकांचं प्रमाण बदलता येतं का?

दुसरा प्रश्न फार कामाचा आहे. पेंचचं पाणी घ्या, कन्हानचं घ्या किंवा अंबाझरीचं घ्या. त्यातलं शुद्ध पाणी वेगळं काढलं तर त्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन वजनाने १ : ८ याच प्रमाणात सापडतील. साखरेचं पाणी मात्र एक चमचा घालूनही होतं आणि पाच चमचे घालूनही. प्रमाण बदलूनही नाव तेच राहत असेल तर ते मिश्रण.

सराफाकडचं सोनं याच प्रश्नाने सुटतं. २२ कॅरेट म्हणजे ९१.६ टक्के सोनं आणि बाकी तांबं-चांदीसारखे धातू. १८ कॅरेटचाही दागिना होतो, तो ७५ टक्क्यांचा. प्रमाण बदललं, तरी दोन्हींना आपण सोन्याचा दागिनाच म्हणतो. हे मिश्रण आहे, फक्त घनरूपातलं आणि समांगी, म्हणजे सगळीकडे सारखं. पितळ आणि पोलादही याच रांगेत.

तपासा: तुमच्या वाक्यात 'भेसळ', 'स्वच्छ' किंवा 'आरोग्याला चांगलं' हे शब्द आले असतील, तर तुम्ही अजून दुकानातच उभे आहात. वाक्य पुन्हा लिहा.

## टप्पा २: डोळ्यांनी आणि भिंगाने पाहा

सावजी रश्श्यावर तर्री तरंगताना दिसते, तिथे अवघड काही नाही. विषमांगी (वेगळे भाग दिसणारं) मिश्रण, विषय संपला. संत्र्याचा ताजा रस ग्लासात वीस मिनिटं तसाच ठेवला की खाली गर बसतो, तेही सोपं.

अडचण येते ती सगळीकडे सारखं दिसणाऱ्या पदार्थाशी. 'सर, हे तर एकच दिसून राहिलं, मग शुद्धच ना?' हा प्रश्न वर्गात हमखास येतो. उत्तर आहे: अजून ठरलेलं नाही. मिठाचं पाणीही एकच दिसतं. एकसारखं दिसणं म्हणजे समांगी असणं. शुद्ध असणं वेगळं सिद्ध करावं लागतं.

इथे एक साधी चाचणी घरी करा. खोली अंधारी करा. आपल्याकडे दुपारी दोन पडदे ओढावे लागतात. एका ग्लासात डिस्टिल्ड वॉटरमध्ये मीठ विरघळवा, दुसऱ्यात डिस्टिल्ड वॉटरमध्ये दुधाचे तीन-चार थेंब टाका. जाड कागदाला बारीक भोक पाडून तो मोबाइलच्या टॉर्चसमोर धरा आणि ग्लासच्या बाजूने प्रकाश सोडा. मागे काळा कागद ठेवा. दुधाच्या ग्लासात प्रकाशाची वाट आरपार दिसते, मिठाच्या पाण्यात दिसत नाही. वाट दिसली की ते कलिल (न विरघळलेले अतिबारीक कण पसरलेला द्रव) आहे, म्हणजे मिश्रण. न दिसली तर उजवा रकाना रिकामा सोडा. नळाचं पाणी वापरलंत तर त्यातल्या बारीक गाळामुळेही अंधुक वाट दिसू शकते, म्हणून दोन्हीकडे डिस्टिल्डच घ्या.

आता याच टप्प्यावरची उलटी चूक. बर्फ घातलेलं पाणी भिंगाखाली दोन वेगळे भाग दाखवतं, म्हणून मुलं त्याला मिश्रण म्हणतात. बर्फही पाणीच आहे, अवस्था तेवढी वेगळी. शुद्ध पाण्यात शुद्ध पाण्याचा बर्फ असेल तर पदार्थ एकच. वेगळे भाग दिसले की 'हे वेगळे पदार्थ आहेत की एकाच पदार्थाच्या दोन अवस्था?' हे विचारल्याशिवाय उजवा रकाना भरू नका.

## टप्पा ३: सुकवून पाहा

ही चाचणी द्रवांसाठी. स्टीलची ताटली साबणाने धुऊन, शेवटी डिस्टिल्ड वॉटरने खंगाळून पुसा. तिच्यावर हात-हातभर अंतर नको, चार बोटं पुरे, असे तीन थेंब टाका: डिस्टिल्ड वॉटर, नळाचं पाणी, बोअरचं पाणी. कोणता कुठला हे ताटलीखालच्या कागदावर लिहा. ताटली उन्हात ठेवा. एप्रिल-मे असेल तर तुम्ही गच्चीवरून खाली येईपर्यंत काम झालेलं असतं.

आता ताटली तिरपी धरून उजेडात पाहा. डिस्टिल्डच्या जागी जवळजवळ काही नाही. नळाच्या पाण्याचं फिकट वर्तुळ. बोअरच्या पाण्याचा पांढरा, कडेला जाड होत गेलेला कडा, नखाने खरवडला तर भुकटी निघते. ही भुकटी आपल्याला नवी नाही. उन्हाळ्याच्या शेवटी कूलरच्या ताट्या काढल्या की त्यांच्यावर जो पांढरा, खडबडीत थर चढलेला असतो, तो हाच. पाणी उडून गेलं, क्षार मागे राहिले. पोरांना मी ताटीचा एक तुकडा वर्गात आणायला सांगतो. 'द्रावण हे मिश्रण आहे' हे वाक्य त्यानंतर त्यांना पाठ करावं लागत नाही.

नेहमीच्या चुका इथे दोन. थेंबाऐवजी वाटीभर पाणी घेतलं की धूळ पडते आणि ती धूळच क्षार म्हणून मोजली जाते. आणि साखरेचं पाणी गॅसवर आटवायला ठेवलं की शेवटी साखर जळून काळी पडते, मग 'काळा पदार्थ मिळाला' अशी नोंद होते. साखर उन्हातच सुकवा.

इशारा: मागे काही उरलं नाही म्हणजे द्रव शुद्ध, असं ठरत नाही. पाणी आणि स्पिरिट यांचं मिश्रण सुकवलं तर दोन्ही उडून जातात, ताटली कोरडी राहते. अवशेष उरला तर मिश्रण; पण तापवताना पदार्थाचं विघटन झालेलं नाही याची खात्री हवी. काही उरलं नाही तर पुढे चला.

## टप्पा ४: तापमान स्थिर राहतं का, ते पाहा

माझ्या मते या सगळ्यात हा टप्पा सर्वांत जास्त बोलतो, आणि मुलं नेमका हाच उरकतात. म्हणून इथे जरा थांबतो.

तत्त्व असं: शुद्ध पदार्थ वितळताना किंवा उकळताना, ते काम पुरं होईपर्यंत तापमान एका जागी थांबतं. मिश्रणात ते सहसा सरकत राहतं.

आधी बर्फाने सुरुवात करा, त्यात भाजण्याची भीती नाही. डिस्टिल्ड वॉटरचा ठेचलेला बर्फ ग्लासात घ्या आणि दर मिनिटाला तापमान लिहा, ढवळत राहा. बर्फ वितळतोय, पाणी वाढतंय, पण पारा शून्यावरच. शेवटचा खडा संपेपर्यंत तो जागचा हलत नाही. आता दुसऱ्या ग्लासात तसाच बर्फ घेऊन त्यात दोन-तीन चमचे मीठ मिसळा. पारा सरसर शून्याखाली उतरतो. उणे १० पर्यंतचाच थर्मामीटर असेल तर मीठ बेताने घाला, कारण बर्फ-मिठाचं मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत खाली जाऊ शकतं. मटका कुल्फीवाला मडक्यात बर्फाबरोबर मीठ का टाकतो, ते इथे हाताला कळतं.

मग उकळबिंदू. हा प्रयोग मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली करा.

1. शंभर मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर चंचुपात्रात (बीकरमध्ये) घ्या. त्यात फुटक्या पणतीचे दोन-तीन बारीक, धुतलेले तुकडे टाका. त्यामुळे पाणी एकदम उसळत नाही.
2. थर्मामीटर स्टँडला बांधा. फुगा पाण्यात बुडालेला हवा, पण तळाला टेकलेला नको. तळाला टेकला तर तो पाण्याऐवजी तापलेल्या काचेचं तापमान दाखवतो.
3. खळखळ उकळी आल्यावर दर मिनिटाला नोंद करा, किमान सात नोंदी.
4. नवं शंभर मिलिलिटर पाणी, त्यात २० ग्रॅम मीठ, आणि पुन्हा तेच. पाणी अर्धं आटलं की आंच बंद.

पहिल्या पाण्याच्या नोंदी एका रेषेत येतील, पण ती रेषा १०० वर नसेल. ९९ च्या आसपास असेल. इथे दरवर्षी हात वर होतात: 'सर, आमचं पाणी अशुद्ध निघालं!' नाही. शंभर अंश हा आकडा समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबासाठी आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचावर आहे, आणि दर ३०० मीटरला पाण्याचा उकळबिंदू जवळपास एका अंशाने उतरतो. म्हणजे ९९ हे आपल्या गावाचं बरोबर उत्तर आहे. कितीतरी मुलं पुस्तकाशी जुळावं म्हणून वहीत १०० लिहून टाकतात. तसं करू नका. जे दिसलं ते लिहा आणि शेजारी कारण लिहा. त्याच एका ओळीवरून मला कळतं की मुलाने प्रयोग खरंच केला आहे.

मिठाच्या पाण्याची उकळी सुमारे साडेतीन अंश वर सुरू होते आणि पाणी आटत जाईल तशी आणखी वर सरकते. कुठल्या आकड्यावर उकळलं यापेक्षा आकडा थांबला की सरकला, हे महत्त्वाचं.

घनपदार्थांत हेच तुपाच्या डब्यात दिसतं. जानेवारीच्या सकाळी डब्यात रवाळ दाणे असतात आणि त्यांच्यामध्ये पातळ तूपही. एकाच डब्यात, एकाच तापमानाला, काही भाग थिजला आणि काही नाही. कारण तुपात वेगवेगळ्या वितळणबिंदूंचे अनेक स्निग्ध पदार्थ आहेत. घरी कढवलेलं, पहिल्या प्रतीचं तूपही मिश्रणच. मेणबत्तीचं मेण वितळण्याआधी मऊ पडतं, तेही याच कारणाने.

इशारा: या नियमाला अपवाद आहेत. सुमारे ९५.६ टक्के अल्कोहोल आणि उरलेलं पाणी, असं मिश्रण ७८.२ अंशांवर स्थिर उकळतं. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं यांचं डाखकामाचं (सोल्डरिंगचं) मिश्रण १८३ अंशांवर एकदम वितळतं. दोन्ही मिश्रणंच. म्हणून तापमान सरकलं तर मिश्रणाकडे बोट दाखवा, पण थांबलं म्हणून लगेच शुद्ध लिहू नका.

## टप्पा ५: रंगीत द्रव असेल तर कागदावर चढवा

काळी शाई एकच रंग आहे असं वाटतं. गाळणकागदाची दोन बोटं रुंद पट्टी कापा. खालून २ सेंटिमीटरवर पेन्सिलने रेघ मारा आणि तिच्या मधोमध काळ्या स्केचपेनचा ठिपका द्या. वाळू द्या, त्याच जागी पुन्हा द्या, असं तीनदा. ग्लासात एक सेंटिमीटर पाणी घेऊन पट्टी वरून पेन्सिलीला अडकवून सोडा. वीस मिनिटांत पाणी वर चढतं आणि ठिपक्यातून निळा, गुलाबी, पिवळा असे पट्टे सुटत जातात. कंपनीप्रमाणे रंग बदलतात.

बिघडतं ते तीन ठिकाणी. रेघ पेनाने मारली, तर रेघच पसरते. ठिपका पाण्याखाली गेला, तर शाई ग्लासात उतरते. पट्टी काचेला चिकटली, तर पट्टे वाकडे होतात. परमनंट मार्करची शाई पाण्यात हलतच नाही, तिला पाण्याऐवजी स्पिरिट लागतं. ठिपका हलला नाही म्हणून 'शुद्ध' लिहिणारी मुलं मी पाहिली आहेत. द्रावक चुकला होता, एवढंच.

## टप्पा ६: संयुगाला मिश्रण म्हणू नका

'मोरचुदात पाणी असतं, म्हणजे मिश्रण.' हुशार मुलांची ही चूक असते, म्हणून तिचं उत्तर शब्दांनी न देता काट्याने द्यावं. शाळेतच, शिक्षकांसमोर करा.

कोरड्या परीक्षानळीचं रिकामं वजन करा. तिच्यात २.५ ग्रॅम बारीक केलेलं मोरचूद घालून नळी किंचित तोंडाकडे उतरती धरा आणि मंद आंचेवर फिरवत तापवा. निळा रंग जाऊन भुकटी पांढरी होते, नळीच्या तोंडाशी पाण्याचे थेंब जमतात. ते टिपून घ्या, नळी थंड होऊ द्या, पुन्हा वजन करा. भुकटी साधारण १.६ ग्रॅम भरते. ५ ग्रॅम घेतलं असतं तर ३.२ भरली असती. दुकान बदला, खडा बदला, ३६ टक्के पाणी हे गणित मोडत नाही. पाणी त्या स्फटिकाच्या घडणीतच ठरलेल्या प्रमाणात बसलेलं आहे, म्हणून ते संयुग आणि म्हणून शुद्ध पदार्थ. तुरटी आणि धुण्याच्या सोड्याचे स्फटिक याच जातीचे.

फार तापवलं तर भुकटी काळपट होते. मग संयुगच मोडलं, नोंद बाद करा आणि पुन्हा सुरुवात करा.

आणखी एक जोडी लक्षात ठेवा: खाण्याचा सोडा संयुग आहे, बेकिंग पावडर मिश्रण. दोन्ही पांढऱ्या भुकट्या, दोन्ही एकाच फळीवर. चिमूटभर प्रत्येकीवर जखमेला लावायच्या पोव्हिडोन आयोडीनचा थेंब टाका. बेकिंग पावडरमध्ये सहसा मक्याचं पीठ असतं, त्यामुळे ती निळी-काळी पडते. सोडा पडत नाही.

## टप्पा ७: मिश्रण वेगळं करा, पण क्रमाने

परीक्षेत आणि प्रात्यक्षिकात सर्वाधिक गुण इथे जातात. लोखंडाचा कीस, नवसागर, मीठ आणि वाळू यांचं मिश्रण वेगळं करायचं आहे. चारही पद्धती मुलांना येतात. क्रम चुकतो.

घेताना ५ ग्रॅम कीस, ५ ग्रॅम नवसागर, ५ ग्रॅम मीठ आणि १० ग्रॅम वाळू घ्या, आणि ही वजनं लिहून ठेवा. वाळू नदीची असेल तर आधी धुऊन, वाळवून, तिच्यातून चुंबक फिरवून घ्या. नदीच्या वाळूत बऱ्याचदा काळे चुंबकी कण असतात. ते तसेच राहिले तर शेवटी कीस ५ ऐवजी ५.३ ग्रॅम निघतो आणि मुलं काट्याला दोष देतात.

पहिलं, चुंबक. मिश्रण कोरडं असतानाच. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा, म्हणजे कीस पिशवीला चिकटेल आणि चुंबक बाहेर काढला की खाली पडेल. उघड्या चुंबकावरून कीस काढता काढता तास जातो. मिश्रण कागदावर पातळ पसरून तीन-चारदा फिरवा. लोखंड सर्वांत आधी काढायचं, कारण तापवताना नवसागर लोखंडाशी अभिक्रिया करतो, आणि पाणी घातलं तर कीस गंजतो.

दुसरं, संप्लवन, म्हणजे घनपदार्थाची द्रव न होता थेट वाफ होणं. उरलेलं मिश्रण चिनी मातीच्या बशीत घ्या, वर काचेचं नरसाळं उपडं ठेवा, नळीच्या टोकाला कापसाचा बोळा. मंद आंच. पांढरा धूर उठतो आणि नरसाळ्याच्या थंड भागावर नवसागर जमतो. धूर थांबला की आंच बंद करा, आणि नरसाळं हाताला गार लागेपर्यंत उचलू नका. धूर घशाला झोंबतो, म्हणून खिडक्या उघड्या हव्यात. हे घरी करायचं नाही. नवसागराऐवजी कापूर घेतला तर ज्वाळेवर मुळीच ठेवू नका, तो पेट घेतो. कापराची वाटी कढत पाण्याच्या भांड्यावर ठेवून, आंच बंद करून, वर बर्फ भरलेली दुसरी वाटी झाकली तरी हळूहळू तेच दिसतं.

हा टप्पा पाण्याच्या आधीच का? कारण नवसागरही पाण्यात विरघळतो आणि मीठही. एकदा दोन्ही विरघळले की गाळणीतून एकत्रच खाली येतात, आणि सुकवल्यावर दोन पांढऱ्या पदार्थांची एक भुकटी हाती उरते. माझ्या वर्गात एकदा घाईत एका गटाने आधी पाणी ओतलं. त्यांनी मग ती भुकटी सुकवून पुन्हा संप्लवन केलं आणि सुटका झाली, पण दोन तासिका गेल्या.

तपासा: उरलेल्या मिठात नवसागर शिल्लक आहे का? चिमूटभर मिश्रण पानाच्या ओल्या चुन्यात चोळा आणि हाताने हवा नाकाकडे वारून वास घ्या. अमोनियाचा झणका आला तर नवसागर आहे, पुन्हा तापवा. पानठेल्यावरचा साधा चुना चालतो.

तिसरं, पाणी आणि गाळण. ३० मिलिलिटर कोमट पाणी पुरे. १०० मिलिलिटर पाण्यात ३५ ग्रॅमहून जास्त मीठ विरघळतं, मग ५ ग्रॅमसाठी ग्लासभर कशाला? जास्त पाणी घातलं की शेवटी आटवत बसावं लागतं. ढवळा, वाळू बसू द्या, वरचं पाणी आधी गाळा. गाळणकागद नरसाळ्यात बसवून पाण्याने ओला करा, म्हणजे तो काचेला चिकटतो, आणि पाण्याची पातळी कागदाच्या कडेखाली एक सेंटिमीटर ठेवा. कडेवरून गेलं की वाळू खाली उतरलीच. वाळू दोनदा, प्रत्येक वेळी १० मिलिलिटर पाण्याने धुवा. हे धुणं बहुतेक जण गाळतात आणि मीठ वाळूतच राहतं.

चौथं, बाष्पीभवन. आंचेवर करत असाल तर थोडं पाणी उरलं असताना आंच बंद करा. शेवटच्या क्षणी मीठ तडतडून बाहेर उडतं आणि डोळ्यांत जाऊ शकतं. घाई नसेल तर बशीवर जाळीचं कापड घालून गच्चीत ठेवा. सावकाश सुकलेल्या मिठाचे चौकोनी खडे भिंगातून फार छान दिसतात.

आता चारही वजनं करा. मीठ ४.६ ते ४.९ ग्रॅम आलं तर काम चांगलं झालं. ५ च्या वर गेलं तर ते ओलं आहे किंवा नवसागर मागे राहिला आहे.

## टप्पा ८: उत्तर लिहिताना

एका ओळीत तीन गोष्टी याव्यात: वर्ग, उपवर्ग, कारण. 'तूप: मिश्रण, अनेक स्निग्ध पदार्थ एकत्र, ठरलेला वितळणबिंदू नाही.' 'मोरचूद: शुद्ध पदार्थ, संयुग, घटकांचं वजनी प्रमाण ठरलेलं.' 'पितळ: समांगी मिश्रण, तांबं आणि जस्त यांचं प्रमाण बदलता येतं.' 'हवा: मिश्रण, नायट्रोजन सुमारे ७८ टक्के, ऑक्सिजन २१ टक्के, बाष्पाचं प्रमाण ऋतूप्रमाणे बदलतं.' कारण न लिहिता नुसता वर्ग लिहिला तर अर्धे गुण जातात, आणि जायलाच हवेत.

स्वयंपाकाच्या मिठाबद्दल हमखास वाद होतो. सोडियम क्लोराइड हे संयुग आहे. पिशवीतल्या मिठात आयोडीनचा क्षार आणि बहुधा गुठळी न होऊ देणारा पदार्थ घातलेला असतो, म्हणून काटेकोर पाहिलं तर पिशवी मिश्रणाची. प्रश्नात 'सोडियम क्लोराइड' असेल तर संयुग लिहा, 'आयोडीनयुक्त मीठ' असेल तर मिश्रण, आणि नुसतं 'मीठ' असेल तर शालेय पातळीवर संयुग धरतात. तसं लिहून कंसात रासायनिक नाव द्या. काळं मीठ आणि सैंधव सरळ मिश्रणात.

## आवरताना

कीस आणि वाळू बेसिनमध्ये धुऊ नका, नळी तुंबते. कीस कोरडा करून झाकणाच्या डबीत ठेवा, पुढच्या तुकडीला कामी येतो. मोरचुदाचं पाणी झाडांना किंवा गटारात टाकू नका, ते माशांना आणि मुळांना मारतं. शाळेच्या रासायनिक कचऱ्याच्या बरणीत जमा करा. ज्या ताटलीत रसायनं ठेवली ती पुन्हा जेवणात वापरायची नाही, तिच्यावर आजच खुणेचा कागद चिकटवा. आणि वहीतला उजवा रकाना एकदा वरून खाली वाचा: जिथे 'शुद्ध' लिहिलं आहे, त्याच्या डावीकडे किमान दोन वेगळ्या चाचण्यांच्या नोंदी आहेत का ते पाहा. नसतील तर ती ओळ खोडून 'अजून ठरलेलं नाही' असं लिहा.